इंजिनाचा जोर आणि पायाची आज्ञा

नवी मोटारसायकल घ्यायला निघालेला माणूस दुकानात माहितीपत्रक हाती घेतो, तेव्हा त्याची नजर सर्वप्रथम अश्वशक्तीच्या आकड्यावर जाते, आणि तो आकडा जितका मोठा तितकी गाडी सरस, असा ठोकताळा तो मनाशी बांधून मोकळा होतो. परंतु आकड्यांनी अगदी समसमान असलेल्या दोन गाड्यांपैकी एक खंबाटकीचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये कुरकूर न करता चढून जाते आणि दुसरीला मात्र प्रत्येक वळणावर गिअर उतरवून, रेस वाढवून, अक्षरशः हाकलावे लागते, हा अनुभव घाटातून नित्य ये-जा करणाऱ्याला नवा नाही. ‘हिला पिकअप नाही’ एवढे म्हणून तो विषय संपवतो. पण शक्ती सारखीच असताना एकीला पिकअप आहे आणि दुसरीला नाही, हे कशामुळे?

हेच कोडे मोटारींच्या सर्वोच्च शर्यतींत अधिक ठळक स्वरूपात पुढे येते. १९८३ साली फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदासाठी एकंदर १५ शर्यती झाल्या. त्या सुमारास दीड लिटरची टर्बो इंजिने ६०० अश्वशक्तीचा टप्पा ओलांडून गेली होती, आणि सोळा वर्षांपूर्वीच्या आराखड्यावर चालत आलेले तीन लिटरचे साधे कॉसवर्थ इंजिन ५०० च्या आसपास घुटमळत होते. अपेक्षेप्रमाणे १२ शर्यती टर्बोवाल्यांनी नेल्या. परंतु उरलेल्या तीन, म्हणजे लाँग बीच येथील जॉन वॉटसनची, मोनाको येथील केके रॉसबर्गची आणि डेट्रॉइट येथील मिकेले अल्बोरेटोची, या कॉसवर्थच्या पदरात पडल्या. आणि या तिन्ही शर्यती शहरातल्या रस्त्यांवर, आखूड सरळ पट्टे आणि अरुंद वळणे असलेल्या मार्गांवर झालेल्या होत्या. टायरांची निवड, हवामान, चालकाची हुशारी, प्रतिस्पर्ध्याची गाडी बंद पडणे, या साऱ्यांचा त्यात वाटा होताच. तरीही दुबळ्या इंजिनाने जिंकलेल्या तिन्ही शर्यती नेमक्या अशाच ठिकाणच्या असाव्यात, याला निव्वळ योगायोग म्हणणे मला पटत नाही. चालकाच्या पायाने मागितला तेवढाच जोर, मागितला त्याच क्षणी, इंजिन किती इमानाने देते, यावर शर्यतीच्या इंजिनाची खरी पारख होते, असे माझे मत आहे, आणि ते तसे का, हे पायरीपायरीने उलगडून दाखवण्याचा येथे विचार आहे.

अश्वशक्तीचा हिशेब

७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलण्यास जेवढे सामर्थ्य लागते, त्यास एक अश्वशक्ती म्हणण्याचा प्रघात आहे. या व्याख्येत दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत: किती जोराने ओढले, आणि किती वेगाने ओढले. इंजिनाच्या बाबतीत पहिल्या गोष्टीस टॉर्क म्हणतात. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, ज्या जोराने पिळला जातो तो हा टॉर्क. दुसरी गोष्ट म्हणजे त्या दांड्याचे मिनिटाला होणारे फेरे. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. आणि ती गुणाकार आहे म्हणूनच, जोर थोडा आणि फेरे पुष्कळ असलेले इंजिन आणि जोर पुष्कळ व फेरे थोडे असलेले इंजिन, ही दोन्ही कागदावर एकाच मोलाची दिसू शकतात.

चौकट: एकच शक्ती, दोन स्वभाव
एक इंजिन मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. दुसरे २०,००० फेऱ्यांवर २०० न्यूटन-मीटर देते. दोहोंची शक्ती सारखीच, सुमारे ५७० अश्वशक्ती भरते. नियमांनी इंजिनाचे आकारमान बांधून दिले की टॉर्कलाही आपोआप मर्यादा पडते, कारण सिलिंडरात एका वेळी मावणारी हवा ठरलेली असते. मग शक्ती वाढवण्याचे मुख्य मार्ग दोनच उरतात: फेरे वाढवणे, किंवा हवा दाबून आत कोंबणे. या दोन्ही मार्गांनी गेल्यास इंजिनाचा स्वभाव अवघड होत जातो.

माहितीपत्रकात छापलेला आकडा हा फेऱ्यांच्या एका विशिष्ट संख्येवरचा, म्हणजे इंजिनाच्या उत्कर्षबिंदूवरचा असतो. रस्त्यावर मात्र इंजिन त्या बिंदूवर क्षणभरच असते. एरवी वळणात फेरे खाली येतात, बाहेर पडताना चढतात, गिअर बदलताच पुन्हा खाली येतात. या साऱ्या पल्ल्यात टॉर्क कसा चढतो, कोठे खड्ड्यात पडतो आणि कोठे एकाएकी उसळतो, याचा आलेख काढला तर इंजिनाची खरी कुंडली हाती येते. घाटात सुखाने चढणाऱ्या गाडीचा आलेख खालच्या फेऱ्यांपासूनच भरीव असतो. दुसरीचा सारा पराक्रम वरच्या टोकाला एकवटलेला असतो.

टायरची कुवत

आता इंजिनाकडून चाकाकडे येऊ. ५०० अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ३७,५०० किलोग्रॅम-मीटर. ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरांहून किंचित अधिक वेगाने चाललेल्या गाडीला ही सगळी शक्ती लावली, आणि गिअरपेटीत वाया जाणारा अंश हिशेबातून सोडून दिला, तर मागच्या चाकांवर सुमारे सव्वादोन टनांची ओढ बसेल. १९८३ सालची गाडी, चालक आणि इंधन धरून, ७०० किलोंच्या आसपास भरत असे, आणि त्यातलेही सारे वजन काही मागच्या चाकांवर नसते. एवढ्या वजनाने दाबलेले टायर, रबर कितीही चिकट असले तरी, सव्वादोन टनांची ओढ रस्त्याला पोचवू शकत नाहीत. म्हणजे मंद वळणातून बाहेर पडताना इंजिनाची बरीचशी शक्ती निरुपयोगी, किंबहुना उपद्रवी असते. हाच हिशेब ताशी २४० किलोमीटरला केला तर ओढ ५६० किलोंवर येते. ती टायर सहज पेलतात आणि तेथे प्रत्येक अधिक अश्वशक्ती कामी येते. मोंझासारख्या लांब सरळ पट्ट्यांच्या मार्गावर शक्ती का जिंकते आणि शहरातल्या गल्लीबोळांत ती का अडखळते, याचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

उरलेले निम्मे उत्तर टायरच्या स्वभावात आहे. टायर रस्त्याला किंचित घसरत असतानाच सर्वाधिक पकड देतो. परंतु ही घसरण एका मर्यादेपलीकडे गेली की पकड वाढण्याऐवजी कमी होऊ लागते, रबराचा वरचा थर तापतो, आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. चिखलात रुतलेली बैलगाडी बाहेर काढताना जाणता गाडीवान बैलांवर एकदम आसूड ओढत नाही, कारण हिसका बसला की बैलांचे खूर घसरतात, चिखल अधिक उकरला जातो आणि चाक होते त्याहून खोल बसते. तो जुवाखाली ताण हळूहळू भरू देतो, चाक हलल्याचे दिसताच तीच ओढ कायम राखतो, आणि कोरडी जमीन लागल्यावरच बैलांना मोकळे सोडतो. शर्यतीचा चालक वळणातून बाहेर पडताना नेमके हेच करत असतो. फरक एवढाच की त्याला हे सारे दीड-दोन सेकंदांत उरकायचे असते.

त्यातही एक अडचण अशी की टायरची पकड दोन दिशांना वाटून द्यावी लागते. गाडी वळत असताना तिला वळणात धरून ठेवण्याचे काम हाच टायर करतो, आणि तिला पुढे ढकलण्याचे कामही त्याच्याचकडे असते. एका कामाला जितकी पकड खर्ची पडली तितकी दुसऱ्याला कमी उरते. मोनाकोच्या मार्गावर हॉटेलासमोर जे हेअरपिन वळण आहे, तेथे गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास उतरतो, आणि चालकाने स्टिअरिंग जवळजवळ शेवटच्या टोकापर्यंत फिरवलेले असते. वळणाच्या मध्यावर तो ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवतो, एवढाच की मागची चाके ओढ घेऊ लागावीत. मग स्टिअरिंग जसजसे सरळ होत जाते तसतसा टायर वळवण्याच्या कामातून मोकळा होतो आणि तेवढ्याच मापाने पाय खाली जातो. हात अंशाअंशाने सरळ येत आहेत, पाय मिलिमीटरमिलिमीटरने उतरतो आहे, आणि दोहोंमधला मेळ बसलेला राहिला तर गाडी उतारावर स्वच्छ बाहेर पडते. या साऱ्या व्यवहारात चालकाने इंजिनाविषयी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पाय दुप्पट खाली गेला तर जोरही दुप्पट येईल. ते गृहीत खोटे ठरले, म्हणजे पाय मिलिमीटरभर सरकल्यावर जोर एकाएकी उसळला किंवा पाय गेल्यावरही काही काळ जोर आलाच नाही, तर चालकाचे कौशल्य कुचकामी ठरते. पुढच्या वळणापासून तो चालक सावध होतो, उशिरा आणि कमी मागू लागतो, आणि इंजिनात असलेला जोर न मागितलेलाच राहून जातो.

वाढता जोर आणि सुटलेले चाक

इंजिनाच्या बेइमानीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे इंग्लंडातील बीआरएम या संस्थेचे १६ सिलिंडरांचे इंजिन. दुसऱ्या महायुद्धानंतर रेमंड मेज आणि पीटर बर्थन यांनी, ब्रिटिश उद्योगांच्या देणग्यांवर, राष्ट्राच्या प्रतिष्ठेसाठी म्हणून ही गाडी उभी केली. आकारमान अवघे दीड लिटर. परंतु त्यात हवा कोंबण्यासाठी रोल्स-रॉइस कंपनीने खास बनवून दिलेला द्विस्तरीय हवादाबक, म्हणजे सुपरचार्जर, बसवलेला होता, आणि मिनिटाला १२,००० च्या आसपासच्या फेऱ्यांवर हे इंजिन ५५० हून अधिक अश्वशक्ती देई. कागदावर त्या काळी त्याला तोड नव्हती. ऑगस्ट १९५० मध्ये सिल्व्हरस्टोन येथे पहिल्याच सार्वजनिक शर्यतीत रेमाँ सोमेरच्या गाडीची चाकांकडे जोर नेणारी यंत्रणा आरंभरेषेवरच तुटली आणि ती जागची हललीच नाही.

या इंजिनाचे मूळ दुखणे समजून घेण्यासाठी त्याच्या हवादाबकाकडे पाहावे लागते. त्या वेळच्या इतर मोटारींत प्रचलित असलेला रूट्स जातीचा दाबक दर फेऱ्याला हवेचे ठरलेले माप आत लोटतो. त्यामुळे खालच्या फेऱ्यांवरही दाब बऱ्यापैकी मिळतो. बीआरएमचा दाबक केंद्रोत्सारी जातीचा होता: वेगाने फिरणारे पाते हवेला कडेकडे भिरकावते, आणि या पद्धतीत दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे निम्मे झाले की दाब पाव हिश्श्यावर येतो. विमानाच्या इंजिनाला हा दाबक उत्तम मानवतो, कारण विमानाचा पंखाही फेरे वाढताच तसाच वाढता विरोध करतो, आणि विमान काही हेअरपिन वळणे घेत नाही. रोल्स-रॉइसचा विमानांच्या क्षेत्रातील अधिकार निर्विवाद होता. परंतु येथे त्या विद्येला अगदी निराळ्या कामाला जुंपण्यात आले.

परिणाम असा झाला की इंजिनाचा टॉर्क फेऱ्यांबरोबर चढतच जाई. आता विचार करा: वळणातून बाहेर पडताना मागचे चाक थोडे अधिक घसरले, तर त्याचे फेरे वाढतात, त्याबरोबर इंजिनाचे फेरे वाढतात. ज्या इंजिनाचा टॉर्क फेरे वाढताच हळूहळू उतरत जातो, त्याच्या बाबतीत चाक सुटू लागले की जोर आपोआप ओसरतो आणि टायर पुन्हा पकड घेतो. चालकाला काही करावे लागण्यापूर्वीच चूक अंशतः दुरुस्त होते. बीआरएममध्ये नेमके उलटे घडे. चाक सुटले की फेरे वाढत, फेरे वाढले की दाब वाढे, दाब वाढला की जोर वाढे, आणि जोर वाढला की चाक आणखी सुटे. स्टर्लिंग मॉससारख्या अव्वल चालकानेही या गाडीविषयीची आपली नापसंती लपवली नाही.

१४ जुलै १९५१ रोजी झालेल्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये बीआरएमच्या दोन गाड्या रेज पार्नेल आणि पीटर वॉकर यांनी, तापलेल्या नळ्यांच्या धगीने पाय भाजत असताना, निग्रहाने शेवटपर्यंत नेल्या आणि त्या पाचव्या व सातव्या आल्या. त्याच शर्यतीत होसे फ्रोइलान गोन्झालेस याने साडेचार लिटरच्या, कोणताही हवादाबक नसलेल्या फेरारीने दाबकवाल्या अल्फा रोमिओला प्रथमच मागे टाकले. फेरारीची शक्ती अल्फाहून आणि बीआरएमहूनही कमी होती. तिला इंधन कमी लागे, ही तिच्या विजयाची मोठी बाजू होतीच. पण मोठ्या आकारमानाच्या, मोकळेपणाने श्वास घेणाऱ्या इंजिनाचा भरीव, सपाट टॉर्क चालकाच्या हाती येणे, हीही लहान गोष्ट नव्हती.

नळ्यांतून धावणाऱ्या लाटा

दाबक नसलेले इंजिन म्हणजे आपोआप आज्ञाधारक, असा समज मात्र करून घेऊ नये. सिलिंडरात हवा घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, अत्यंत वेगाने उघडमीट करतात. प्रत्येक उघडमिटीबरोबर नळ्यांत दाबाची एक लाट उठते, ती नळीच्या टोकाशी जाऊन परतते, आणि परतण्याच्या वेळी झडप उघडी असेल तर ती लाट हवेचा अधिक साठा आत लोटते. ही वेळ साधते ती मात्र फेऱ्यांच्या एका ठराविक पट्ट्यातच. इतर वेळी तीच लाट आडवी येते. शिवाय जास्तीत जास्त फेऱ्यांवर श्वास पुरावा म्हणून शर्यतीच्या इंजिनात आत घेणारी आणि बाहेर सोडणारी झडप काही काळ एकदमच उघडी ठेवतात. वरच्या फेऱ्यांवर ही व्यवस्था लाभते. खालच्या फेऱ्यांवर मात्र जळालेला वायू उलट आतल्या नळीत शिरतो आणि इंजिन गुदमरते. या दोन कारणांनी टॉर्कच्या आलेखात खड्डे आणि उंचवटे पडतात.

१९६७ च्या जून महिन्यात हॉलंडमधील झांडव्होर्ट येथे पदार्पणातच जिम क्लार्कला विजय मिळवून देणारे कॉसवर्थचे डीएफव्ही इंजिन, जे पुढे फॉर्म्युला वनमधील सर्वांत यशस्वी इंजिनांत गणले गेले, तेही या दोषातून सुटलेले नव्हते. कीथ डकवर्थ याने रेखाटलेल्या या आठ सिलिंडरांच्या इंजिनाची शक्ती सुरुवातीस ४०० च्या थोडी वर होती. परंतु मिनिटाला ६,५०० फेऱ्यांच्या सुमारास ती एकदम उसळून येई, आणि वळणाच्या मध्यावर तो आकडा ओलांडला गेला की क्लार्क आणि ग्रॅहम हिल यांच्यासारख्या चालकांनाही गाडी सावरावी लागे. त्यावर शोधलेला एक उपाय साधा होता. हवेची वाट पहिल्या थोड्याशा उघडण्यातच बरीचशी मोकळी होते, हा कोणत्याही थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाकडे जाणारी हवेची वाट उघडमीट करणाऱ्या पडद्याचा, धर्म आहे. म्हणून पेडल आणि थ्रॉटल यांच्यामधील जोडकाम असे बदलले की पेडलच्या आरंभीच्या प्रवासात वाट अगदी थोडी उघडावी आणि पुढे झपाट्याने. इंजिनाची शक्ती एका कणानेही वाढली नाही. पायाच्या हाती मात्र अधिक बारीक माप आले.

याच्या आदल्या वर्षी, १९६६ साली, जॅक ब्रॅबम याने रेप्को या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या सुमारे ३०० अश्वशक्तीच्या इंजिनावर जागतिक अजिंक्यपद मिळवले होते, आणि प्रतिस्पर्ध्यांकडे त्याहून जोरदार, बारा-बारा सिलिंडरांची इंजिने होती. रेप्कोचे इंजिन हलके, टिकाऊ आणि फेऱ्यांच्या मोठ्या पल्ल्यात समजूतदारपणे ओढणारे होते. स्वतः इंजिनियर असलेल्या चालकाने आपल्याला काय हवे ते नेमके ओळखून तसे इंजिन बनवून घेतले, याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

उशिरा येणारा जोर

१९६६ च्या नियमांनी तीन लिटरचे साधे इंजिन किंवा दीड लिटरचे दाबकयुक्त इंजिन, अशी मुभा दिली होती; दुसऱ्या पर्यायाकडे अकरा वर्षे कोणी गंभीरपणे वळले नाही. जुलै १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे रेनो कंपनीने टर्बो इंजिनाची गाडी उतरवली, आणि तिच्यातून इतकी पांढरी वाफ निघे की इंग्रजांनी तिला ‘पिवळी किटली’ असे नाव ठेवले. टर्बोमध्ये हवादाबक इंजिनाच्या दांड्यावर चालत नाही. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र, म्हणजे टर्बाइन, फिरते, आणि त्याच्याच आसावर बसलेले दुसरे चक्र ताजी हवा दाबून आत पाठवते. जी ऊर्जा एरवी हवेत विरून गेली असती ती कामी लावली जाते, हा त्याचा मोठा गुण.

परंतु या व्यवस्थेत एक वाट पाहणे अंगभूत आहे. चालकाने वळणाआधी ॲक्सिलरेटर सोडला की धूर कमी होतो आणि टर्बाइन मंदावते. वळणातून निघताना त्याने पेडल दाबले, तर प्रथम इंजिनाला दाबाविना, स्वतःच्या बळावर काही जाळावे लागते. दाबलेल्या हवेने इंजिन ठोकू नये म्हणून टर्बो इंजिनातील मिश्रण पिस्टनने मुद्दाम कमी आवळावे अशी रचना केलेली असते, त्यामुळे दाबाविना ते विशेषच दुबळे असते. त्या थोड्या धुराने टर्बाइन वेग घेऊ लागते, थोडा दाब वाढतो, त्याने धूर वाढतो, धुराने दाब आणखी वाढतो, आणि पेडल दाबल्यावर बराच काळ काही न देणारे इंजिन मग एकाएकी सर्व काही देऊन टाकते. चालकाला म्हणून वळण संपण्यापूर्वीच, गाडी अजून तिरपी असताना, अंदाजाने पेडल दाबून ठेवावे लागे. अंदाज चुकला तर जोर भलत्याच क्षणी येई. लांब सरळ पट्टे असलेल्या मार्गावर हा उशीर एका फेरीत चार-दोन वेळाच भोवतो. शहरी मार्गावर तो दर शंभर-दोनशे मीटरला भोवतो, आणि १९८३ च्या त्या तीन निकालांमागील यांत्रिक कारण हे आहे.

रेनोने १९७९ साली एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो बसवले, त्यामागील गणित पाहण्याजोगे आहे. एकाच घडणीच्या चक्राचा व्यास निम्मा केला तर त्याचे फिरण्यातले जडत्व निम्मे होत नाही, बत्तिसाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे व्यासातली लहानशी काटकसरही वेग घेण्याच्या तत्परतेत मोठी भर घालते. त्याच वर्षी १ जुलैला दिजाँ येथे जाँ-पिएर जाबूई याने टर्बोला पहिला विजय मिळवून दिला. पुढे शक्तीचे आकडे विलक्षण चढले. १९८६ साली पात्रता फेरीसाठी सज्ज केलेल्या बीएमडब्ल्यूच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची शक्ती हजाराच्या बरीच पुढे गेली होती. तथापि अजिंक्यपदांचा हिशेब तपासला तर १९८४ साली १६ पैकी १२ शर्यती जिंकणारे मॅक्लारेनचे पोर्शनिर्मित इंजिन, किंवा १९८८ साली दाबावर आणि इंधनावर कडक मर्यादा असताना १६ पैकी १५ शर्यती जिंकणारे होंडाचे इंजिन, ही शक्तीपेक्षा इंधनाच्या आणि ठिणगीच्या अचूक विद्युत्-नियंत्रणासाठी अधिक स्मरणीय आहेत. त्या काळात आयर्टन सेना वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरला झटपट, तुटक टोले देत असे. टर्बाइन मंदावू न देता गाडीलाही अति जोर लागू न देण्याचा तो मार्ग होता, आणि फार थोड्यांना तो साधला.

तारेच्या जागी गणकयंत्र

१९८९ पासून टर्बोवर बंदी आली, आणि पुढील पंचवीस वर्षांत पायाची आज्ञा इंजिनापर्यंत पोचवण्याची व्यवस्थाच पालटली. पेडलपासून थ्रॉटलपर्यंत जाणारी तार नाहीशी होऊन तेथे विद्युत्-संदेश आला. पेडल किती दाबले हे यंत्र मोजते, त्यावरून चालकास किती टॉर्क हवा आहे हे ठरवते, आणि इंजिनाच्या आलेखातील खड्डे-उंचवटे लक्षात घेऊन थ्रॉटल, इंधन आणि ठिणगीची वेळ यांची तजवीज लावते. डकवर्थच्या काळी जोडकामाच्या दांड्यांनी जे साधले, ते आता कोष्टकातील आकडे बदलून, पावसासाठी एक आणि कोरड्यासाठी दुसरे, असे साधता येऊ लागले. चाक सुटताच आपण होऊन जोर कापणारी यंत्रणा नियमांनी कधी चालू दिली, कधी बंद केली. २००८ साली सर्व संघांना एकच नियंत्रक-पेटी सक्तीची करून तिचा शेवटचा बंदोबस्त झाला. चालकाची चूक यंत्राने सुधारावी हे नियमकर्त्यांना मान्य नव्हते, आणि ते मला योग्य वाटते. पेडलचे म्हणणे इंजिनापर्यंत शब्दशः पोचवणे आणि चालकाच्या वतीने निर्णय घेणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

विजेची कुमक

२०१४ साली टर्बो परतला तो दोन विद्युत्-यंत्रे बरोबर घेऊन. इंजिन १.६ लिटरचे, सहा सिलिंडरांचे; तासाला १०० किलोग्रॅमहून अधिक इंधन त्यात जाऊ द्यायचे नाही, अशी अट. एक विद्युत्-यंत्र क्रँकला जोडलेले होते: ब्रेक लावताना ते वीज साठवी, आणि बाहेर पडताना १२० किलोवॉटपर्यंत, म्हणजे सुमारे १६० अश्वशक्तीची भर घाली. दुसरे थेट टर्बोच्या आसावर बसवलेले होते, आणि माझ्या दृष्टीने या विषयाच्या साऱ्या इतिहासातील ती सर्वांत सुंदर युक्ती होय. सरळ पट्ट्यावर धुराची ऊर्जा गरजेहून अधिक असताना हे यंत्र टर्बाइनकडून वीज बनवून घेई. आणि वळणात धूर आटला की तीच वीज वापरून टर्बाइनला वेगात फिरते ठेवी. चालकाने पेडल दाबले त्या क्षणी दाब तयारच असे. टर्बोच्या पहिल्या पर्वात चालकांना छळणारा उशीर असा मुळातूनच नाहीसा झाला, आणि त्याबरोबर मोठे, कार्यक्षम टर्बाइन वापरण्याची भीतीही गेली. मर्सिडीझच्या इंजिनाने २०१७ साली परीक्षणमंचावर इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उपयोगी कामात उतरवून दाखवली. रस्त्यावरच्या पेट्रोल मोटारींत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते.

अशा संयुक्त इंजिनात आज्ञाधारकपणा ही हिशेबनिसाची कसोटी होऊन बसते. पेडलने मागितलेला टॉर्क किती अंशी पेट्रोलमधून आणि किती अंशी विजेतून भागवायचा, गिअर बदलतानाचा खळगा कोणी भरायचा, ब्रेक लावताना मागच्या चाकांना यंत्राचा विरोध किती आणि ब्रेकचा किती, हे सारे सेकंदाच्या सूक्ष्म अंशात जुळावे लागते. बेरजेत किंचित फरक पडला तरी चालकाला पायाखाली झटका जाणवतो. यासाठी संपूर्ण यंत्रणा परीक्षणमंचावर चढवून तिच्याकडून एखाद्या मार्गाची अख्खी फेरी, प्रत्येक वळण आणि प्रत्येक गिअर यांसह, पुनःपुन्हा करवून घेतात, आणि मागितलेला टॉर्क व मिळालेला टॉर्क यांच्या रेषा एकमेकींवर ठेवून तफावत शोधतात.

२०२६ पासूनच्या नियमांनी टर्बोच्या आसावरचे ते यंत्र काढून टाकले आहे. ते बनवण्यास महाग आणि अवघड होते, आणि रस्त्यावरच्या मोटारींत त्याचा फारसा उपयोग झाला नाही, हे त्यामागील व्यावहारिक कारण. त्याच्या मोबदल्यात क्रँकवरच्या यंत्राची मर्यादा १२० वरून ३५० किलोवॉटांवर नेली असून एकूण शक्तीत विजेचा वाटा जवळजवळ निम्म्यावर आला आहे. टर्बाइन मंदावले असताना पडणारा खड्डा हे थोरले यंत्र भरून काढू शकते. पण तसे करताना बॅटरीतला साठा खर्ची पडतो, आणि तोच साठा पुढच्या सरळ पट्ट्यावरही हवा असतो. म्हणून टर्बाइनच्या व्यासाचा रेनोच्या काळातला प्रश्न इंजिनियरांच्या टेबलावर पुन्हा आला आहे: लहान ठेवावे तर ते चटकन वेग घेते, पण वरच्या फेऱ्यांवर धुराला अडवते, मोठे ठेवावे तर सरळ पट्ट्यावर लाभते, पण वळणातून निघताना बॅटरी रिकामी करते. सिंगापूरच्या अरुंद रस्त्यांना पहिले हवे आणि मोंझाला दुसरे, आणि हंगामाच्या आरंभी मंजूर करून घेतलेले एकच टर्बाइन दोन्ही ठिकाणी न्यावे लागते.